चवथ ते पाऊस: विहिरीच्या पाण्यावर स्पंज फिल्टर आणि थेंबांचं टेस्ट किट

आमचं घर फोंडा तालुक्यात. माशांची टाकी दोन फुटी, पाणी साधारण 50 लिटर. गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, ती सुरू केली आणि आता परत पाऊस लागलाय. एवढ्या काळात दोन वस्तू सतत वापरात आहेत: एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणि पाणी तपासायचं थेंबांचं टेस्ट किट. दोन्हींचे पैसे वसूल झाले. पण गोव्यात विहिरीचं पाणी वापरणार असाल तर केएच, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद (कार्बोनेट क्षारता), मोजायचं किटही तितकंच गरजेचं आहे, आणि नेहमीच्या संचात ते बहुधा नसतं. वेगळं मागून घ्या.

कारण असं. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे, मुख्यतः नायट्रोस्पायरा, त्याचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजमध्ये वसेपर्यंत धीर धरायचा, यालाच टाकी सायकल करणं म्हणतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट खात जातं. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता खर्च होते, आणि केएचचा एक अंश म्हणजे लिटरमागे जेमतेम 18 मिलिग्रॅम. आमची विहीर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या, दगडात खणलेली. त्या दगडात चुना जवळजवळ नसतोच. पाणी प्यायला गोड, पण केएच किटच्या पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच रंग पालटतो, म्हणजे केएच फारच कमी.

मी मासे न सोडता सायकल केली. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, 50 लिटरला सुमारे 0.3 ग्रॅम टाकलं की अमोनिया 2 पीपीएमच्या (लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर मात्र नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. सुरुवात झकास झाली. अमोनिया उतरला, नायट्राइट चढलं. मग सगळं ठप्प. किटवर रोज अमोनियाचा तोच हिरवा, नायट्राइटचा तोच जांभळा रंग. पीएच पाहिला तर 6 च्या आसपास! एवढ्या आम्लात हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. नवसागराच्या दोन मात्रांतच केएचचा अख्खा अंश संपतो, हा हिशेब तेव्हा डोळ्यांसमोर घडत होता.

तात्पुरता उपाय खायच्या सोड्याचा. 50 लिटरला 1.5 ग्रॅमने केएच एका अंशाने वाढतो. टाकीत मासे नसल्यामुळे हे निर्धास्तपणे करता आलं. मासे असताना पीएच एकदम चढवणं धोक्याचं आहे, कारण आम्लधर्मी पाण्यात निरुपद्रवी रूपात असलेला अमोनियम झटकन विषारी अमोनिया होतो. कायमचा उपाय आमच्या स्वयंपाकघरात होता: तिसऱ्यांच्या शिंपल्या. उकळून, घासून, कडक उन्हात वाळवून मूठभर शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ ठेवल्या. पाणी आम्लाकडे झुकलं की त्या जास्त विरघळतात, नाहीतर निवांत पडून राहतात. दिवाळीच्या सुमारास गप्पी सोडले. त्यानंतर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आहेत.

आता फिल्टरबद्दल. हीटर लागत नाही, आपलं हवामानच या जिवाणूंना मानवतं. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तिथे बुडबुडे फार उपयोगी पडतात. पावसात वीज गेली तरी स्पंज टाकीतल्याच पाण्यात असतो, बंद डब्याच्या फिल्टरसारखा आत कोंडून नासत नाही. तरी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊनच ठेवा, आणि नळीत उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह हवाच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून. ओपा जलप्रकल्पाच्या नळाखाली धरलात तर क्लोरीनने वसवलेले जिवाणू मरतात. उणिवा दोन: फिल्टर टाकीतली जागा खातो, आणि बारीक गढूळपणा पुरता धरत नाही.

टेस्ट किटमध्ये नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते. तिचा गाळ तळाशी बसतो, न हलवता घेतलेला आकडा खोटा कमी येतो. बाकी चाचण्या सोप्या. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली अमोनियाचा पिवळा आणि फिका हिरवा ओळखू येत नाही, दिवसाउजेडी पाहा.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते आणि मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली आहेत, त्यामुळे नायट्रेट 20 पीपीएमच्या वर क्वचितच जातं. सध्या पावसामुळे विहिरीचा केएच आणखी उतरलाय, म्हणून दर बदलाला मोजते आणि शिंपल्यांची पिशवी थोडी वाढवली आहे. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे ठेवणार असाल तर एवढ्या शिंपल्या घालू नका. चार-पाच पुरतील, आणि केएच दोन-तीन अंशांवर राहतोय ना एवढं पाहा.