वॉशरची निळी बाटली: लिक्विड चांगलंय पण आधी टाकी धुवा

साडेतीन स्टार देतोय. गाडीची पुढची काच धुवायच्या या लिक्विडला तक्रार नाही, दीड कापला तो लेबलसाठी, कारण जुन्या घाणीवर हे ओतलं तर काय होतं त्याबद्दल त्यावर एक अक्षर नाहीये.

मागच्या जूनमध्ये खंडाळ्याच्या अलीकडे ट्रकने चिखल उडवला, मी वॉशरचा दांडा ओढला तर माझ्या बाजूच्या नोझलमधून नुसती लाळ गळाली आणि वर ब्लोअरमधून असा वास आला की विचारू नका, फुलदाणीत आठवडाभर राहिलेलं पाणी असतं ना, सेम तसा. (बाहेरची हवा काचेच्या खालच्या जाळीतूनच आत येते, म्हणून.) वायपरने तो चिखल नीट पसरवून दिला, पुढचे दोनतीनशे मीटर अक्षरशः देवाच्या भरवशावर.

घरी येऊन ही बाटली मागवली, झाकणाने मोजून पाण्यात घातली, चार दिवस मस्त चाललं आणि पाचव्या दिवशी दोन्ही नोझल ठार बंद! पंपाचा घर्रर्र आवाज येतोय पण पाणी नाही. गॅरेजवाल्याने चाकाच्या आतलं प्लास्टिक सोडवून टाकीचा पंप उपसला, तर त्याच्या तोंडाची बारीक जाळी हिरवट-तपकिरी सायीने गच्च भरलेली, बोटाला बुळबुळीत. म्हणाला, "शॅम्पू टाकता ना साहेब?" टाकतो ना, तीन वर्षं, एक रुपयाची पुडी! तो चिकटा, आमच्या सोसायटीचं बोअरचं खारं पाणी आणि बॉनेटची ऊब, शेवाळाला अजून काय पाहिजे. नव्या लिक्विडने ती साय सुटली आणि जाऊन जाळीवर बसली.

मग त्याने सांगितलं तसं केलं. टाकी रिकामी करून कोमट पाण्याने खळखळून धुतली, जाळी जुन्या टूथब्रशने घासली, पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धंअर्धं भरून थोडं नोझलमधून काढलं म्हणजे पाइपमध्येपण पोचतं, आणि रात्रभर ठेवलं. सकाळी साध्या पाण्याने दोनदा फ्लश, बॉनेटवर उडालेलं लगेच पुसलं. नोझलमधले क्षार सुईने हळूच टोकरले. ब्लीचच्या भानगडीत पडू नका, रबर आणि पेंट खराब होतो आणि व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता आरओच्या पाण्यात हेच लिक्विड घालतो, आठ महिने झाले, धार सरळ काचेच्या मध्यावर, वास नाही, संध्याकाळचे चिकटलेले किडे दोन फेऱ्यांत साफ आणि रात्री समोरच्या लाइटमध्ये काचेवर तेलकट रंग दिसत नाहीत. फक्त सेंट जरा भडक आहे, बायको म्हणते लॉजचं बाथरूम.

आणि नुसतं पाणी भरून बिनधास्त राहणाऱ्यांनो, इंग्लंडमधल्या एका अभ्यासात (2010 ची गोष्ट) वॉशरला नुसतं पाणी वापरणाऱ्यांत लीजनेअर्स आजाराचा धोका जास्त दिसला होता. हा न्यूमोनियाचाच प्रकार, याचे जंतू कोमट साचलेल्या पाण्यात वाढतात आणि तुषारांतून श्वासात जातात.

ओतताना टाकीच्या झाकणावरचं काचेचं चित्र तेवढं बघा, आमच्या शेजारच्या काकांनी अख्खी बाटली इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत रिकामी केली.