ड्रिफ्टची (वळणावर घसरवत चालवायची) पहिली आरसी म्हणजे रिमोटवरची गाडी: फोर-व्हील की रिअर-व्हील?

१/१० मापाच्या तामिया टीटी-०२डीचं उदाहरण घ्या. चारही चाकांना ताकद, जायरोची (गाडी फिरतेय हे ओळखून स्टिअरिंग आपोआप सावरणाऱ्या सेन्सरची) गरज नाही. कडक टायर आणि गुळगुळीत फरशी मिळाली की घसरायला लागतेच. पुढची चाकंही ओढतात, त्यामुळे गाडी सावरणं सोपं. फक्त खऱ्या ड्रिफ्टमध्ये दिसतो तसा पुढच्या चाकांचा वळणाच्या उलट दिशेचा कोन तिच्यात फारसा मिळत नाही.

योकोमोची वायडी-२ मागच्या चाकांवर चालते. इथे जायरो हवाच. मागचा भाग घसरला की जायरो क्षणार्धात पुढची चाकं घसरणीच्या दिशेला वळवतो. तो नसेल तर आपलं बोट हलेपर्यंत गाडी केव्हाच गिरकी घेते. मी सेटिंगमध्ये जायरोची दिशा उलटी ठेवली होती, पहिला अर्धा तास नुसता भोवरा! आता बॅटरी जोडली की आधी गाडी उचलून शेपटी डावीकडे झटकतो; पुढची चाकंही डावीकडे वळली तरच खाली ठेवतो.

रिअर-व्हीलमध्ये जायरो आणि चपळ सर्व्होचा (पुढची चाकं वळवणाऱ्या मोटरचा) खर्च वाढतो. तरी ड्रिफ्टच शिकायचं असेल, तर माझं मत तिलाच. हॉलमध्ये पोरांसोबत मजा करायची असेल तर टीटी-०२डी बास. सोफ्याखालून काढायला काठी तेवढी जवळ ठेवा.