जमिनीलगत फुलणाऱ्या रोपांचा मिश्र ट्रे: एका उन्हाळ्यानंतरचे मत

कमी पाण्यावर फुलणाऱ्या आणि जमीन झाकून टाकणाऱ्या २४ रोपांचा मिश्र ट्रे मी एका रोपवाटिकेकडून घरपोच मागवला होता, त्याला आता एक पूर्ण उन्हाळा होऊन गेला आहे. चिनी गुलाब, डेलोस्पर्मा, सेडम आणि गझानिया यांची प्रत्येकी सहा रोपे मिळतील असे सांगण्यात आले होते. बांधणी चांगली होती. चिनी गुलाबाच्या काही फांद्या वाटेत मोडल्या, परंतु त्या ओलसर वाळूत खोचताच रुजल्या, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

सोबतच्या माहितीपत्रकावर मात्र माझा आक्षेप आहे. ‘या रोपांना पाण्याची गरज नाही’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले आहे, आणि हे विधान रोपे जमिनीत स्थिरावल्यानंतरच, तेही अंशतः, खरे ठरते. पहिले काही आठवडे मुळे धरेपर्यंत नियमित पाणी द्यावेच लागते. त्यानंतर सेडमसारखी रोपे मांसल पानांत पाणी साठवतात आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून रात्री उघडतात, म्हणून तापत्या उन्हातही त्यांचे बाष्प फारसे वाया जात नाही. तहानेपेक्षा मुळाशी साचलेले पाणीच त्यांचा जीव घेते, आणि निचऱ्याविषयी पत्रकात एक अक्षरही नाही. माझी चार रोपे चिकणमातीत कुजली. उरलेली मी भरड वाळू मिसळलेल्या उंच वाफ्यात हलवली, तेव्हा कुठे ती पसरू लागली.

फुलांविषयीही थोडे स्पष्ट सांगायला हवे होते. चिनी गुलाबाला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात ते उगाच नव्हे. त्याची फुले स्वच्छ उन्हात उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. गझानियाही ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी पाकळ्या मिटून घेते. दिवसभर घराबाहेर असणाऱ्याला जाहिरातीतला तो रंगीत गालिचा सुट्टीच्या दिवशीच दिसेल.

सर्वांत गंभीर चूक वेगळीच निघाली. गझानियाची रोपे चारच होती आणि उरलेल्या दोन जागी, काहीही न कळवता, वेडेलिया पाठवण्यात आली होती. पिवळ्या फुलांची ही वेल दिसायला गोड असली, तरी जमिनीला टेकणाऱ्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या १०० सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. मी ती वाफ्यातून उपटून नष्ट केली. रोपवाटिकेने तक्रारीनंतर गझानियाची दोन रोपे पाठवली, पण ट्रेमध्ये वेडेलिया का घातली याचे उत्तर दिले नाही.

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन आणि भुसभुशीत, निचऱ्याची माती असेल, तर हा ट्रे घेण्याजोगा आहे. सावलीतल्या अंगणासाठी अजिबात नाही. पुढच्या वेळी मी मिश्र ट्रे टाळून फक्त चिनी गुलाब आणि सेडम मागवणार आहे, आणि प्रत्येक रोपाचे नाव आधी लिहून मागणार आहे.