आईला वाटलं होतं तसे नव्हते हे ‘सरकारी वकील’

धाकट्या भावाच्या केसबद्दल कराडला फोन करून आईला सांगितलं, “अगं, कोर्टाने त्याला सरकारी वकील दिलाय,” तर ती रडायलाच लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा. इथे अमेरिकेत विरुद्ध बाजूचा वकील वेगळा असतो, त्याला प्रॉसिक्युटर म्हणतात. आपल्याला मिळाला तो फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातला, पब्लिक डिफेंडर, पगार सरकारी पण बाजू आपली, हे तिला पटेपर्यंत तीन फोन झाले. खरं सांगायचं तर मलाही ते पटायला वेळ लागला होता. फुकटचा वकील म्हणजे नावापुरता वकील, असंच मी धरून चालले होते.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला काम करते. माझा धाकटा भाऊ घरी जाऊन फिजिओथेरपी देणाऱ्या एका छोट्या कंपनीत बिलिंग करायचा. न झालेल्या भेटींची बिलं मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याला, जात होती. मालक सांगेल तसं त्याने टाइप केलं, आणि काही महिन्यांनी काय चाललंय ते कळूनही करत राहिला. त्याने चूक केली, हे मी लपवत नाही. त्याला ओळखू नये म्हणून वकिलांची नावं मात्र लिहीत नाही.

सुरुवात आम्हीच बिघडवली. २०२२ च्या मार्चमध्ये सकाळी दोन फेडरल एजंट दारात आले. भावाने त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि पाऊण तास बोलत बसला. घरी आलेल्या माणसाला उभ्याउभ्या परत पाठवायचं नसतं, हेच आम्ही लहानपणापासून शिकलो. फेडरल एजंटला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्यासाठी शपथ घेतलेली असावी लागत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. “मी वकिलाशी बोलून सांगतो” एवढं म्हणून दार लावलं असतं तरी चाललं असतं. कायद्याने तो हक्क आहे आणि त्यात उद्धटपणा काही नाही.

मग टार्गेट लेटर आलं, म्हणजे तपासाचा रोख तुमच्यावर आहे असं कळवणारं सरकारी पत्र. ओळखीतल्या एकांनी एक वकील सुचवला. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस आणि घराचे व्यवहार करणारा. ७,५०० डॉलर रिटेनर, म्हणजे आगाऊ फी, घेतला, करार एका पानाचा, त्यात कुठपर्यंत काम करणार ते लिहिलेलंच नाही. मी विचारलं, “नेवार्कच्या फेडरल कोर्टात तुम्ही किती केसेस लढवल्यात?” तर म्हणाला, कायदा सगळीकडे सारखाच. तसं नसतं. फेडरल केसमध्ये शिक्षा किती द्यायची याच्या गाईडलाईन्सची वेगळी गणितं असतात आणि पॅरोल, म्हणजे मुदतीआधी सशर्त सुटका, नाही. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना तो बंदच झालाय. हा वकील भावाला म्हणत होता, चल, जाऊन सगळं सांगून टाकू, मी बघतो. अशा बैठकीआधी, तिथे बोललेलं कुठे वापरता येईल आणि कुठे नाही याचं लेखी पत्र सरकारकडून घ्यायचं असतं. त्याचा त्याने विषयसुद्धा काढला नाही. पुढे पैसे परत मागितले तर म्हणाला, तास संपले.

दुसऱ्या होत्या एक माजी प्रॉसिक्युटर. कन्सल्टेशनचे ५०० डॉलर घेतले आणि ते वसूल झाले. गुन्हा कबूल करण्यापर्यंतच्या कामाचे ६०,००० डॉलर, खटला चालला तर दीड लाख वेगळे. तोंड पाहिलं असेल आमचं, कारण त्याच म्हणाल्या, “घर विकू नका. तुमच्यासारख्यांसाठीच डिफेंडर ऑफिस आहे, आणि ती मंडळी रोज हेच करतात.” स्वतःचं गिऱ्हाईक सोडून खरं सांगणाऱ्या त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. जाता जाता एक मोलाचं सांगितलं: सुटला तरच फी द्या, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा, फौजदारी केसमध्ये वकिलांना तशी फी घेताच येत नाही.

सप्टेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोपपत्र दिलं. नेवार्कला पहिल्या हजेरीच्या दिवशी भावाने एक फॉर्म भरला: पगार, घर, गाडी, कर्ज, बँकेत किती, घरात खाणारी तोंडं किती. तो शपथेवर असतो, आकडे लपवायचे नाहीत. मॅजिस्ट्रेट जजने वाचून डिफेंडर नेमून दिला. वकील आपण निवडत नाही, कोर्ट देईल तो. खिशात पैसे नसलेल्यालाही वकील मिळालाच पाहिजे, असा इथल्या कायद्याने दिलेला हक्क आहे. १९६४ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने फेडरल कोर्टांत त्याची व्यवस्था लावली. जामिनाला मी आणि माझ्या नवऱ्याने सह्या केल्या. रोख काही भरावं लागलं नाही, पण भाऊ पळाला असता तर १ लाख डॉलर आमच्या डोक्यावर होते. पासपोर्ट जमा झाला.

आमच्या वाट्याला आलेल्या वकीलबाई चाळिशीच्या असतील. पहिल्या भेटीला मी डबा घेऊन गेले होते, भाऊ सकाळपासून उपाशी होता. बाई हात मिळवून म्हणाल्या, “ताईंनी बाहेर बसायचं.” मला लागलं ते. आरोपपत्राची पानं मी वाचली होती, जामिनाला सही माझी, आणि मीच बाहेर? मग त्यांनी दारातच उभं राहून समजावलं: वकील आणि अशिलाचं बोलणं गुप्त राहतं, कुणी मागितलं तरी द्यावं लागत नाही, पण तिसरं माणूस बसलं की ते कवच जाऊ शकतं. उद्या तुम्हाला साक्षीला बोलावलं तर खोटं बोलणार का? मी तासभर कॉरिडॉरमध्ये मांडीवर डबा धरून बसले. आधीच्या वकिलाने तीन वेळा मला शेजारी बसवून भावाला सगळं विचारलं होतं.

बाईंचा भावाला पहिला प्रश्न होता, “तू सिटिझन आहेस की ग्रीन कार्ड?”

हे आधीच्याने विचारलंच नव्हतं. आमची केस खरी ज्यावर फिरली तो हाच प्रश्न. ग्रीन कार्डवाल्याला फसवणुकीत शिक्षा झाली आणि नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल, तर तो गुन्हा इमिग्रेशनच्या कायद्यात ‘ॲग्रॅव्हेटेड फेलनी’, म्हणजे गंभीर गुन्हा, ठरू शकतो, मग तुरुंग एक दिवसाचाही नसला तरी देशाबाहेर काढतात. कबुलीचे असे परिणाम वकिलाने अशिलाला सांगितलेच पाहिजेत, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या निकालात ठरवलं. तो पडिलाही ग्रीन कार्डवाला, ट्रक चालवणारा, आणि त्याच्या वकिलाने त्याला काळजी करू नकोस म्हणून सांगितलं होतं.

पुढचं दीड वर्ष मला बाहेरून जेवढं दिसलं तेवढंच माहीत आहे. एक गोष्ट भावाने केस संपल्यावर दाखवली. सरकारने दिलेल्या फायलींतून डिफेंडर ऑफिसच्या तपासनिसाने एक तक्ता केला होता: कुठलं बिल, कोणत्या लॉगिनने, किती वाजता. शेजारच्या रकान्यात भावाच्या पासपोर्टवरचे शिक्के. नोव्हेंबर-डिसेंबर २०१९ मध्ये बाबा गेले म्हणून तो कराडला होता. ज्या दिवशी आम्ही नदीवर दहावा करत होतो, त्या दिवशी त्याच्या लॉगिनने एकोणीस बिलं गेली होती. तेराव्यालाही होती. त्याचा पासवर्ड ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होता. त्या ओळी बघताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या दुःखाच्या तारखा कुणीतरी परक्या माणसाने इतक्या नीट मांडून ठेवल्या होत्या.

त्या तक्त्यावरून भावाच्या वाट्याची रक्कम खाली आली. शेवटी सरकारशी बोलणी होऊन एकाच कलमाचं नवं आरोपपत्र आलं, मेडिकेअरच्या कागदात खोटी माहिती दिल्याचं, ठरावीक बिलांपुरतं. त्या बिलांची रक्कम १०,००० च्या आत, आणि तसं करारात स्पष्ट लिहिलेलं. इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवूनच बाईंनी भावाला सही करू दिली. सुटशील, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, निकाल जजच्या हातात, माझ्या हातात तयारी आहे.

जजसाठी घरच्यांची पत्रं लागतात. माझं पहिलं पत्र बाईंनी परत केलं. मी लिहिलं होतं की माझा भाऊ निर्दोष आहे. त्या म्हणाल्या, त्याने गुन्हा कबूल केलाय, आता घरच्यांनी नाकारलं तर त्याला पश्चात्ताप नाही असं वाटेल. तुम्हाला त्याच्याबद्दल जे माहीत आहे आणि जजला माहीत नाही, ते लिहा. मग मी लिहिलं की बाबांच्या डायलिसिसचे पैसे चार वर्षं तोच पाठवत होता. आईने रेघांच्या वहीच्या पानावर मराठीत लिहिलं. बाईंनी भाषांतराला ते मूळ पानही जोडलं. जजने शिक्षा सुनावण्याआधी आईच्या पत्राचा उल्लेख केला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला. तुरुंग नाही, २ वर्षं प्रोबेशन (बाहेर राहून कोर्टाच्या देखरेखीखाली), नुकसानभरपाई हप्त्याने, आणि प्रत्येक कलमामागे कोर्टाची ठरलेली १०० डॉलरची आकारणी. मेडिकेअरचा पैसा येतो अशा ठिकाणी किमान ५ वर्षं काम करता येणार नाही, म्हणून भाऊ आता वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतो.

आईने गुळाच्या पोळ्या पाठवायचं काढलं होतं. बाई म्हणाल्या, घेता येत नाही, पण आईंना सांगा, त्यांचं अक्षर सुंदर आहे.

पासपोर्ट परत मिळाला, पण भाऊ कराडला जाऊ शकलेला नाही. अशा शिक्षेनंतर ग्रीन कार्डवाला देशाबाहेर गेला तर परत येताना विमानतळावर त्याला अडवू शकतात. प्रोबेशन संपलं तरी ही भीती संपत नाही. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नकोस, असं बाईंनी शेवटच्या पत्रात अधोरेखित करून लिहिलंय. ते पत्र घडी करून त्याने पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवलंय.