टेल्स: आठ महिने वापरल्यानंतर

साताऱ्यात आमचं एकत्र कुटुंब, घरात लॅपटॉप एकच. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या, तेव्हा रात्री त्याच लॅपटॉपवर मी त्यांची माहिती वाचत बसायचे. चार दिवसांत पुतण्याच्या क्रिकेट स्कोअरशेजारी समुपदेशनाच्या जाहिराती झळकू लागल्या. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पाहिलं होतं.

पोवई नाक्यावरून 16 जीबीचा पेनड्राइव्ह आणला (8 जीबीचाही चालतो) आणि रुफस या मोफत प्रोग्रॅमने त्यावर टेल्स चढवली. टेल्स म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारी, मागे खुणा न ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, फोटो आधी काढून घ्या. नव्या आवृत्तीला 3 जीबी रॅम लागते. आमच्या लॅपटॉपवर सुरू करताना एफ12 दाबलं की विंडोजऐवजी हीच उघडते. हार्ड डिस्कवर काही लिहिलं जात नाही, आणि बंद करताना रॅमसुद्धा पुसली जाते.

ब्राउझरच्या इनकॉग्निटो मोडने मला हे मिळालं नसतं. त्यात फक्त आपल्या मशीनवरची हिस्ट्री राहत नाही. इंटरनेट कंपनीला आपण कुठल्या साइटवर गेलो ते दिसतंच. टेल्समधलं सगळं टॉर नावाच्या नेटवर्कमधून, म्हणजे तीन वेगवेगळ्या संगणकांवरून फिरून जातं. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते नाही. शेवटच्याला नेमकं उलटं. कंपनीला एवढंच दिसतं की टॉर चालू आहे, आणि ब्रिज, म्हणजे टॉरच्या जाहीर यादीत नसलेले संगणक, वापरून तेही लपवता येतं.

वेग मात्र खरंच कमी. व्हिडिओचा नाद सोडा. 'तुम्ही रोबोट नाही ना' हे तर पदोपदी. एकदा बँकेत यातूनच लॉगिन केलं. खातं अडकलं आणि शाखेत दोन हेलपाटे पडले. तसंही स्वतःच्या नावाने लॉगिन केल्यावर ओळख कसली लपणार?

सगळ्यात लागलं ते वेगळंच. गोळ्या सुरू केल्यापासून रोज कसं वाटतं याची तीन आठवड्यांची टिपणं पर्सिस्टंट स्टोरेजमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरच्याच पासवर्डने बंद जागेत, ठेवली होती, आणि त्याचा पासवर्ड विसरले. तो परत मिळवायची सोयच नाही. आता पासवर्ड वहीत लिहून कपाटात आहे, आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर बॅकअप.

मागच्या महिन्यात जाऊबाईंनी विचारलं, मलाही असा एक करून देशील का. दिला. कशासाठी हवा, ते मी विचारलं नाही.