नाणं खरं, चांदी खरी, साल खोटं

ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा 1780 चा थालर (चांदीचं मोठं नाणं) कुणी ‘राणीच्या हयातीतला, अस्सल’ म्हणून विकत असेल तर सावध. माझे 68,500 रुपये गेले, वर ‘विमा आणि कुरिअर’चे 2,350.

मी काही काल नाणी जमवायला लागलेलो नाही. वजन केलं, 28.07 ग्रॅम. चुंबक लावला. सराफाकडून कस लावून घेतला. सगळं बरोबर निघालं, आणि निघणारच! राणी 29 नोव्हेंबर 1780 ला वारली, पण अरबस्तान-इथिओपियात हा थालर इतका चालायचा की तेच साल घालून तो पुढेही पाडत राहिले. व्हिएन्ना, रोम, लंडन. 1940-41 मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. असे रीस्ट्राइक, म्हणजे जुनंच साल घालून नंतर पाडलेले नग, असतात हे मलाही ठाऊक होतं, म्हणून तर विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “सर, राणीच्या चित्राखाली एस.एफ. ही अक्षरं बघा, राणीच्या काळातली गुंझबुर्गची टांकसाळ.” ती अक्षरं रीस्ट्राइकवरही तशीच असतात, हे मात्र त्यानं गिळलं. एस.एफ.वर भाव ठरवणाऱ्याला दारात उभं करू नका.

पुढे म्हणाला, “मित्रांना हवे असतील तर सांगा, अजून नग काढून देतो.”

तिथेच फोन ठेवायचा! दुर्मीळ म्हणून 70,500 सांगणारा माणूस बटाट्यासारखे नग काढून देतोय, आणि मी काय करत होतो, तर दोन हजार कमी करून घेत होतो. पण इतक्या आत्मविश्वासानं बोलणाऱ्यापुढे कुणीही हेच केलं असतं. त्याला 1780 च्या आधीच्या सालाचा एक तरी थालर दाखवायला सांगायचं होतं. तुम्ही सांगा.

प्रदर्शनात एका जुन्या व्यापाऱ्यानं नाणं नुसतं उलटून पाहिलं आणि हसला. चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्त देईन म्हणाला.

पोलीस ठाण्यानं सायबरकडे पाठवलं, सायबरवाल्यांनी परत ठाण्यात. “वस्तू मिळाली?” मिळाली. “चांदी आहे?” आहे. “मग फसवणूक कसली?” धातूचा दाखला आणा म्हणाले. आणला. त्यावर 83.3 टक्के चांदी असं छापून आलं, आणि माझाच कागद माझ्या तोंडावर धरला! राणी कुठली, मेली कधी, हे सांगायला गेलो तर साहेबांना चहा आला. एकानं वर सल्ला दिला, “तुम्हीही विका ना कुणाला तरी.” बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत.

‘अस्सल’ म्हणजे कोणत्या साली पाडलेलं, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. माझ्याकडे फोनवरचं बोलणं आहे, ज्याला कुणी विचारत नाही. आणि तोच फोटो आता दुसऱ्या नावानं, 74,000 ला लागलाय.