ग्लो प्लग तपासायला हा मल्टिमीटर घ्याच

जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन थंडीत नुसतंच फिरतंय, पांढरा धूर सोडतंय, म्हणून लगेच सगळे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे छोटे हीटर) बदलू नका. या साध्या डिजिटल मल्टिमीटरने माझ्या ट्रकचं दुखणं चटकन सापडलं. प्लगना जोडणारी पट्टी आधी काढायची, नाहीतर सगळ्यांचं मिळून एकच रीडिंग येतं. चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो. माझ्या एकावर 'ओएल' आलं, म्हणजे आतली तार जळालेली. प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) एकमेकांना टेकवून वायरचा रोध बघा आणि तो रीडिंगमधून वजा करा. टोकं चांगली अणकुचीदार आहेत, गंजलेल्या टर्मिनलवरही घट्ट बसतात. वायर मात्र फारच आखूड. प्लगना वीज देणाऱ्या स्विचपर्यंत, म्हणजे रिलेपर्यंत पोचताना मीटर एका हातात धरूनच काम करावं लागतं.